आठ आठवडे दोन दिवस

घणसोली गाव,
१७ सप्टेंबर

आत्या,

जय भीम. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि तिकडे पप्पा स्पीकर लावून देतात. ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. पाकीट तू स्वतः फोड. चष्मा सापडला नाही तर सापडेपर्यंत थांब, पण पप्पांना वाचायला देऊ नकोस.

सरळ लिहिते, नाहीतर पान संपेल आणि मुद्दा राहून जाईल. मला दिवस गेलेत.

मुलगा अभय. मे महिन्यात तुला सांगितलं होतं बघ, तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजची मशीनं दुरुस्त करतो तो, मूळचा परभणीकडचा. तू म्हणालीस, आपल्यातलाच आहे ना, मग घाई कशाला. घाई आम्ही केली नाही, ती झाली. दोन ऑगस्टला. तो नाशिकचं काम आटपून आला होता आणि आम्ही तीन आठवड्यांनी भेटलो होतो. यापेक्षा जास्त तुला लिहायला मला लाज वाटते.

काल सोनोग्राफी केली. रिपोर्टवर लिहिलंय, आठ आठवडे दोन दिवस. बाहेर बाकड्यावर बसून अभयने मोबाईलमधलं कॅलेंडर काढलं आणि बोट मागे मागे नेलं. वीस जुलैवर थांबला. 'वीसला मी नाशिकला होतो,' म्हणाला. 'बारा ते तीस.' मी म्हटलं, हो. तो म्हणाला, 'मग?' मी म्हटलं, दुसरं कुणी नाही. तो उठला, चहा घेऊन येतो म्हणाला, आणि आलाच नाही. फोन उचलत नाही.

आत्या, दुसरं कुणी नाही. तुझी शपथ. मग हे जास्तीचे दोन आठवडे आले कुठून? मार्केटात दिवसभर कांद्याच्या गाड्यांची आवक नोंदवते, एक गाडी इकडची तिकडे होत नाही, आणि स्वतःच्या अंगातलं गणित मला जुळेना. मशीन चुकलं असेल का? की माझ्याच डोक्यात काही घोळ झालाय? कालपासून मलाच माझा संशय यायला लागलाय, हे सगळ्यात वाईट.

डॉक्टरबाईंना विचारलं, नको असेल तर काय करायचं. त्या म्हणाल्या, मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागेल. मिस्टर चहा आणायला गेलेत हे त्यांना काय सांगू?

मला मूल हवंय का, माहीत नाही. नकोय का, तेही माहीत नाही. सकाळी एक वाटतं आणि गाळ्यावर पोचेपर्यंत दुसरं. गाळ्यात एक बरं आहे, कांद्यांमध्ये बसून डोळे पुसले तर कुणी काही विचारत नाही.

तू एकतीस वर्षं नर्स होतीस. तुला नाही विचारायचं तर कुणाला? लवकर लिही.

तुझी अस्मिता


बौद्धवाडी, ता. माणगाव
२२ सप्टेंबर

अस्मे,

चष्मा जागेवर होता. पत्र आज दुपारी आलं तेव्हा तुझा बाप वाडीत नव्हता. वाचून आधी तुला दोन मिनिटं शिव्या घातल्या, मनातल्या मनात. त्या संपल्या. आता पुढचं ऐक.

मशीन चुकलेलं नाही आणि तूही चुकलेली नाहीस. चुकला तो त्या पोराचा हिशोब. पोटातले आठवडे गाठ पडली त्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. का, तर बाईला तीच तारीख धड ठाऊक असते. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी ते धरायचे असतात. तुझी पाळी वीस जुलैला आली असणार, आठवून बघ. तिथून दोन ऑगस्ट म्हणजे तेरा दिवस. अगदी जिथल्या तिथं बसतं. कागद तुझ्याच बाजूनं बोलतोय, त्या शहाण्याला तो वाचता आला नाही एवढंच.

या घोळावरून मी किती घरं मोडता मोडता वाचवलीत. मुंबईला कामाला असलेले नवरे शिमग्याला येऊन जायचे आणि मग बायकोच्या कार्डावरचे आठवडे बोटांवर मोजत माझ्याशी भांडायला यायचे. एकदा तर चार पंच उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसले होते. पाटीवर खडूनं तारखा मांडून दाखवल्या तेव्हा उठले, आणि त्यातला एकही त्या बाईला 'चुकलो' म्हणाला नाही.

सोबत वेगळं पान जोडलंय. त्यावर फक्त तारखा आणि हिशोब आहे, खाली माझं नाव आणि हुद्दा. ते त्याला दाखव. ते बघून आला तर ठीक, नाही आला तर तेही कळेल.

पाडायच्या गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांची असते, ती काल संपली. तेव्हा कुणी मेडिकलमधून परस्पर आणून दिल्या तर घेऊ नकोस, जिवावर बेततं. घाबरू नकोस, वाट बंद झालेली नाही. दवाखान्यात वीस आठवड्यांपर्यंत करता येतं. पण वेळ आहे म्हणून नुसती बसून राहू नकोस, जितका उशीर तितका त्रास.

आणि हे दोन प्रश्न आहेत, एक समजू नकोस. मूल ठेवायचं का, हा एक. त्या पोराशी संसार करायचा का, हा दुसरा. लोक दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून बाईच्या डोक्यावर ठेवतात.

उठल्या उठल्या कोरडं काहीतरी खा, मग पाणी पी. रिकाम्या पोटी मार्केटात जाऊ नकोस. तो पोरगा परत आला की सगळं सुरळीत होईल असं माझं मन सांगतं.

चांगुणाआत्या


घणसोली गाव,
२८ सप्टेंबर

आत्या,

वीसलाच आली होती. रविवार होता, मी सुट्टी घेऊन झोपून होते. तुझं पत्र वाचल्यावर आठवलं आणि इतकी हसले की खालून गोजराबाई, आमची घरमालकीण, वर आली. मी हसता हसता रडायला लागले होते.

तिला माहीतच होतं गं. खाली तिच्याकडे सुकट भाजली की मी मोरीकडे पळते, हे ती दहा दिवस बघत होती. दारात उभी राहून म्हणाली, 'मना येडी समजू नको पोरी. चार पोरं काढलीत मी.' मला वाटलं आता रूम खाली करायला सांगणार. मीच म्हटलं, महिनाअखेर जाते. तर म्हणाली, 'तुला जा कोन बोलला? मी इचारतंय काय करनार हाय, तर ही रूमचं बोलतंय.' त्या दिवसापासून सुकट गच्चीवर चूल मांडून भाजते.

आता अभयचं. तुझं पान मी त्याला मोबाईलवर फोटो काढून पाठवलं. अर्ध्या तासात दारात हजर. रडला. खरंच रडला, नाटक नाही. म्हणाला, मी गाढव आहे. म्हणाला, तुझ्या आत्याच्या पाया पडतो. मी त्याला पाणी दिलं. मग तो म्हणाला, 'चला, आता सगळं क्लिअर झालं,' आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझा झाला नाही. का नाही झाला, ते मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने घरी सांगितलं. बाळाचं नाही, फक्त लग्नाचं. त्याच्या वडिलांनी पप्पांना फोन केला. पप्पा मला फोनवर म्हणाले, 'अगं आधीच सांगायचं की, आम्ही काय खाणार होतो तुला?' आत्या, मी आयुष्यभर या माणसाला घाबरले आणि तो हसत होता. दोन तारखेला विहारातला कार्यक्रम आटपला की ते लोक आपल्या घरी येतायत. तू असशीलच. मी येत नाही, सुट्टी नाही असं सांगितलंय. सुट्टी मागितलीच नव्हती.

कुणी ओरडलं असतं तर मी भांडले असते. इथे सगळे इतके चांगले वागतायत की नाही म्हणायला जागाच उरलेली नाही. अभय रोज शहाळं घेऊन येतो. गाळ्यावरचे शेठ पण म्हणतात चेहरा उजळलाय. ज्या मुलीला सगळं आयतं जुळून आलंय ती रडते कशाला? गोजराबाईला विचारलं तर म्हणते, 'रडं येतंय तर रड, कारन कशाला शोधतंस?'

तू दोन प्रश्न म्हणालीस. इकडे एकाचं उत्तर सगळ्यांनी मिळून दिलं आणि दुसरं त्यात आपोआप आलं. मी कधी हो म्हटलं तेच मला आठवत नाही.

आणि एक. सहीबद्दल मी विचारलं होतं, तू काहीच लिहिलं नाहीस. विसरलीस का?

अस्मिता


बौद्धवाडी,
३ ऑक्टोबर

अस्मे,

विसरले नव्हते. टाळलं होतं.

आधी कालचं सांगते. मंडळी आली, आईबाप दोघेही साधे. बाई तर माझ्याशी खुणा करून करून बोलत होती, कानांचं कळल्यावर. लग्नाला सोळा नोव्हेंबर धरलाय. तुझी आई पोहे वाढता वाढता दोनदा रडली, आनंदानं. तुझा बाप सिताराम सगळ्यांना सांगत होता की पोरगी लाजली म्हणून आली नाही. आणि मी, सगळं ठाऊक असलेली, मान हलवत बसले. मलाही वाटलं झालं आता, गंगेत घोडं न्हालं.

तुला लपवून काय करू, तुझं पहिलं पत्र आल्यापासून मी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवतेय. तीन झाली. तुला हसून लिहीत होते की दोन प्रश्न आहेत, आणि इकडे दोन्हींची उत्तरं मीच ठरवून टाके घालत होते. म्हणून सहीचं लिहिलं नाही. म्हटलं सही लागते असं वाटत राहिलं तर पोरगी आपोआप लग्नाकडे वळेल.

तर ऐक. सही लागत नाही. अठरा वर्षं पुरी झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची नाही, बापाची नाही. लग्न झालंय की नाही याचाही संबंध नाही. तुझं नाव बाहेर सांगायचीही डॉक्टरला मुभा नाही. माझ्या वेळचं मला ठाऊक होतंच, पण आज इथल्या नव्या सिस्टरकडे जाऊन पुन्हा खात्री करून आले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत आणि तुझी सही, बस. ज्या बाईनं तुला मिस्टर आणायला सांगितलं तिच्याकडे जाऊ नकोस. दुसरीकडे जा.

आता ते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. आपल्या वाडीतली प्रेमला तुला माहीत आहे, टपरीवाली. तिला चार पोरं होती तेव्हा ती पाचव्या खेपेला माझ्याकडे आली होती. म्हणाली, बाई, नको आता, अंगात काही उरलं नाही. मी म्हटलं, नवऱ्याची सही आण. ती म्हणाली, तो देणार नाही. मी म्हटलं, मग मी चिठ्ठी देणार नाही. नियम नव्हता, अस्मे. मला पक्कं ठाऊक होतं की नाही. पण उद्या तिचा नवरा दारात येऊन उभा राहील त्याला कोण तोंड देणार, म्हणून मी तिच्यापुढे माझा नियम केला. पाचवं झालं. त्या बाळंतपणात तिची कंबर जी गेली ती गेलीच. प्रेमलाला अजून वाटतं सरकारचाच नियम होता. मी टपरीवरनं गेले की बोलावून चहा देते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझ्याशी तेच करायला निघाले होते, नुसतं गप्प बसून.

तेव्हा आता माझं मन काय सांगतं ते विचारू नकोस. माझं मन दुपट्यांत अडकलंय. तुला एकच विचारते, ते तू स्वतःला विचार. लग्नाची तारीख नाही, बापाचं हसू नाही, सगळं बाजूला ठेवून. उद्या सकाळी उठून कुणालाही न दुखावता हे असं किंवा तसं होणार असेल, तर तुला काय झालेलं आवडेल? जे पहिलं येईल ते धर. ठेवायचं असेल तर मी दुपटी घेऊन येते. नसेल ठेवायचं तर रिकाम्या हातानं येते.

चांगुणाआत्या


घणसोली गाव,
१३ ऑक्टोबर

आत्या,

झालं. शुक्रवारी. मी ठीक आहे, पोटात दुखतंय पण ताप नाही, तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. परवा परत दाखवायला जायचंय.

तुझं पत्र बुधवारी आलं. तो प्रश्न वाचून मी डोळे मिटले आणि पहिलं जे आलं ते असं की उद्या सकाळी मी उठलेय, पोटात काही नाही आणि दारात अभय पण नाही. मला धक्का बसला. मूल नको हे मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी होतं, पण अभय नको हे मला ठाऊकच नव्हतं. किती चांगला आहे तो. मग दिवसभर गाळ्यावर विचार करत बसले की का. दोन गाड्यांचे नंबर चुकवले, शेठ ओरडले.

मग सापडलं. तुझं ते पान जर पोस्टात गहाळ झालं असतं तर? मी तीच असते. खरं तेच असतं. आणि तो परत आला नसता. मी सांगितलं होतं ना त्याला, बाकड्यावर, दुसरं कुणी नाही म्हणून. त्याने आधी रिपोर्टवर विश्वास ठेवला, मग तुझ्या पानावर. दोन्ही वेळा कागदावर. माझ्यावर एकदाही नाही. आणि तुला सांगू, मी पण नाही. त्याच्यासोबत बसून मी सुद्धा स्वतःवर संशय घेतला. ज्या माणसाजवळ बसून मी मलाच खोटी वाटायला लागते, त्याच्यासोबत जन्म कसा काढायचा?

एकटीने वाढवायचा पण विचार केला, केला नाही असं नाही. करणाऱ्या बायका असतात. माझ्यात ती हिंमत नाही. पुढे कधी येईल का माहीत नाही, आज नाही, आणि पोटातलं थांबत नव्हतं.

गुरुवारी अभयला बोलावून सांगितलं. दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, 'माझं पण आहे ते.' मी म्हटलं, हो, तुझंच आहे. तो म्हणाला, एका चुकीची एवढी शिक्षा? शिक्षा नव्हती गं ती. पण त्याला ते तसंच वाटणार आणि मी ते बदलू शकत नाही. जाताना त्याने शहाळं टेबलावर ठेवलं. ते मी प्यायले नाही आणि टाकलंही नाही, गोजराबाईने उचलून नेलं.

तीच आली सोबत. मी म्हटलं नको, तर नऊवारी नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा घालून खाली तयार. दवाखान्यात फॉर्म भरताना नर्सने तिला विचारलं, पेशंटशी तुमचं नातं काय? ती म्हणाली, 'माझी भारेकरू हाय.' नर्सचा पेन थांबला. म्हणाली, तसं नाही मावशी, नातं सांगा. 'तेच नातं हाय,' ती म्हणाली, 'लिव तू.' शेवटी नर्सने लिहिलं, घरमालकीण. मला त्या अवस्थेत हसू आलं.

आत मला डॉक्टरांनी एकटीला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? दबाव होता, पण उलट्या बाजूचा, आणि सगळा प्रेमाचा. मी म्हटलं, नाही. सही केली. माझं नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिते तसं नीट.

आता मोकळं वाटतंय आणि वाईटही वाटतंय. दोन्ही एकदम. एक संपून दुसरं सुरू होईल असं वाटलं होतं, तसं होत नाही. तू इतक्या बायका बघितल्यास, असं होतं का? मी चुकले का, आत्या? खरं सांग. आणि आईपप्पांना काय सांगू? आई साड्या घ्यायला निघाली आहे.

अस्मिता


बौद्धवाडी,
१८ ऑक्टोबर

अस्मे,

होतं तसं. दोन्ही एकदम होतं, आणि बरेच दिवस होतं. मग कमी होतं. पूर्ण जातं की नाही हे मला कुणी सांगायला आलं नाही.

चुकलीस का, ते मला ठाऊक नाही. जो कुणी ठामपणे सांगेल त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. मी रडले, तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल आत्या दगडाची आहे. रडले माझ्यासाठी, तुझ्यावर राग नाही. काल प्रेमलाकडे गेले आणि तिला सांगितलं की नियम नव्हता. ती पातेलं घासत होती, घासतच राहिली. आज टपरीवरनं गेले तर तिनं हाक मारली नाही. ठीक आहे. तिचा हक्क आहे तो.

साड्यांचं थांबवलंय. संध्याकाळी सितारामाला ओटीवर बसवून सांगितलं की लग्न होणार नाही. म्हणाला, त्यांनी काही मागितलं का? म्हटलं, नाही. पोरगा वाईट निघाला का? म्हटलं, नाही. मग? म्हटलं, तिला नको. बाकीचं काही सांगितलं नाही. ते सांगायचं असेल तर तू सांगशील, नसेल तर माझ्याबरोबर जाईल. मला वाटलं तो आता माझ्यावर ओरडेल. तर हळूच काहीतरी म्हणाला, मला ऐकू गेलं नाही. मी कान पुढे केला. मग जरा मोठ्यानं म्हणाला, 'एवढं सगळं पोरीनं ठरवलं, तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?'

मी म्हटलं, 'मी होते.'

मान हलवून तो आत जेवायला गेला. आणि मी तिथंच बसून राहिले, कारण हे मी धडधडीत खोटं बोलले होते. तुझ्याजवळ ती गोजराबाई होती, जिचं तोंड मी पाहिलेलं नाही. मी इथं दुपटी शिवत होते.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं निघतेय. गोजराबाईंना सांग, एक माणूस वाढलं आहे.

तुझी आत्या